चौथ्या शीलाचा खोकला

सातवी पास व्हायला मला दोन वर्षं लागली, पण लोकांना चुकीचा पत्ता सांगण्यात माझ्याइतका शिकलेला माणूस खडकीत दुसरा नव्हता. दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, तिथं नव्या साहेबाला पहिल्याच दिवशी आवाराभोवती फिरवून त्याच गेटवर आणून सोडलं आणि हे दुसरं गेट म्हणून त्याला सलाम घ्यायला लावला. एकदा अख्खं वऱ्हाड भलत्याच कार्यालयात धाडलं. ती माणसं तिथं जेवली, आहेर देऊन आली, आणि नवरामुलगा ओळखीचा वाटला नाही एवढीच त्यांची तक्रार होती. नंदाच्या घरचे मला पाहायला आले तेव्हा त्यांनी नेमका मलाच पत्ता विचारला. मी त्यांना मागच्या चाळीत पाठवलं, आणि तिथल्या पोराला ते होकार देऊन निघणार एवढ्यात मला धावत जाऊन स्वतःचं लग्न वाचवावं लागलं. दवाखान्यात निघालेला माणूस, कडेवर पोर असलेली बाई आणि माझ्याहून म्हातारा, एवढ्यांना सूट. बाकी कुणी पत्ता विचारला की माझा हात आपोआप उलट्या बाजूला उठायचा.

रविवारी विहारात मात्र नेमाने जायचो. पांढरा सदरा घालून पंचशील घ्यायला बसायचो. पहिलं, दुसरं, तिसरं खणखणीत म्हणायचो, आणि चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की मला खोकला यायचा. तो थांबेपर्यंत मंडळी पाचव्यावर पोचलेली असायची. घेतलंच नाही तर मोडणार कुठून, असं माझं साधं म्हणणं. हे एकाच माणसाच्या ध्यानात आलं, आणि तो माणूस तेव्हा पाच वर्षांचा होता. धम्मदीप, आमचा एकुलता एक. घरी आल्या आल्या तो आईला बातमी द्यायचा, "आज पण बाबांना चौथ्याला खोकला आला."

त्याला शाळेतून आणायला मी जायचो तेव्हा आमचा दोघांचा एक खेळ होता. प्रत्येक कोपऱ्यावर तो थांबून विचारणार, बाबा, डावीकडे की उजवीकडे. मी चुकीचं सांगणार. आणि तो खिदळत बरोबर उलट पळणार. कधी चुकला नाही. बाईंनी एकदा वर्गात विचारलं, हरवलात तर काय कराल, तर कुणी पोलिसांना विचारू म्हणालं, कुणी दुकानदाराला. आमचा म्हणाला, बाबांना विचारीन आणि ते सांगतील त्याच्या उलट जाईन, की घर येतं. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तिथंही हसलो.

पोरगं मोठं झालं, इंजिनीअर झालं, बंगळूरला काचेच्या इमारतीत नोकरीला लागलं. दोन वर्षांपूर्वी अचानक घरी आलं आणि जेवून झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसलं. सगळे पळतायत, म्हणाला, मी पण पळतोय, पण कुठं ते कुणालाच माहीत नाही. सकाळी उठलं की छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. नोकरी सोडावी वाटते, कधी तर चीवर घालून कुठल्यातरी विहारात जाऊन बसावं वाटतं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बाबा, मी काय करू?"

असं त्यानं लहानपणानंतर पहिल्यांदा विचारलं होतं. आणि मी काय सांगितलं, तर लग्न कर, मग पळायला जागाच उरत नाही. नंदानं पातेलं जरा जोरात ठेवलं. तो हसला नाही. पायात बूट घालताना म्हणाला, "कधीतरी सरळ सांगा, बाबा," आणि त्याच रात्रीच्या गाडीनं गेला.

त्यानंतर तो फोन करायचा तो आईला. मी शेजारी बसून भिंतीकडे बघत ऐकायचो. पण पुढच्या रविवारी विहारात चौथं शील आलं तेव्हा मी खोकला गिळला आणि ते म्हटलं. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा. शेजारी बसलेल्या श्रीधर मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खांबच बोलला. तेव्हापासून मी खोटं बोललो नाही. कारखान्यातले जुने दोस्त म्हणाले, रामदास आता आजारी वाटतो. नंदा म्हणाली, धम्माला सांगते, त्याला बरं वाटेल. मी तिला बजावलं, सांगायचं नाही, तो आला की त्याला आपोआप कळू दे, काय तोंड करतो ते मला बघायचंय. आयुष्यभर लोकांच्या गमती केल्या, ही शेवटची राहिली होती.

मधल्या काळात आम्ही भाड्याची जागा सोडून बाजाराच्या मागं दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं. ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. स्टेशनकडून येणारा रस्ता तिथं एका लांब भिंतीला जाऊन आदळतो आणि त्याला दोन फाटे फुटतात. उजवीकडे विहार, त्याच्या पलीकडे आमची गल्ली. डावीकडे काही नाही. पडकं गोदाम, बाभळी, आणि मग रस्ता नदीपाशी संपतो.

मागच्या फेब्रुवारीत तो येतो म्हणाला. मला नाही, आईलाच. पण या वेळी राहायला येतो म्हणाला. नंदानं सकाळपासून बोंबलाची चटणी, भाकरी, सगळं मांडलं. चारच्या सुमाराला फोन वाजला, तो माझा. स्टेशनवरून चालत आला होता. "बाबा, भिंतीपाशी उभा आहे. मोबाईलवरची बाई सरळ जा म्हणतेय, आणि सरळ भिंत आहे. डावीकडे की उजवीकडे?"

मी म्हणालो, "उजवीकडे."

तो हसला. किती वर्षांनी हसला असेल, पोटातून, शाळेतून येताना हसायचा तसा. "तुम्ही काही बदलायचे नाही," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मी दारात चपला घालून उभा राहिलो. तो हसला म्हणून मीही हसत होतो. घर तिथून तीन मिनिटांवर. पाच झाली, दहा झाली, आणि मग तो का हसला ते मला कळलं.

नदीपाशी त्याची सॅक मिळाली. दगडावर नीट उभी करून ठेवलेली, आत कपडे आणि आईसाठी आणलेला म्हैसूरपाकाचा डबा. नदीला पाणी घोट्याएवढं. त्यात कुत्रंही बुडलं नसतं. पोलिसांनी दोन्ही काठ पालथे घातले, गोदाम पाहिलं, बाभळींखाली पाहिलं. पुढं जायला रस्ताच नाही, तर माणूस गेला कुठं, हे त्यांनी मलाच तीनदा विचारलं.

नंदा मला एकदाच विचारून मोकळी झाली. "अहो, तुम्ही त्याला उजवीकडेच सांगितलं होतं ना?" मी म्हणालो, उजवीकडेच. तिनं मान हलवली. लहान पोरानं दात घासले म्हणून सांगितल्यावर आपण हलवतो तशी. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलायची, ताट नीट वाढायची, आणि मला विहारात शेजारी बसू द्यायची नाही.

मी भिंतीपाशी बसायला लागलो. कोपऱ्यावर मैनुद्दीनचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर. रोज दुपारी जायचो, अंधार पडेपर्यंत थांबायचो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खरा पत्ता सांगायचो. मैनुद्दीन म्हणायचा, तुझ्यामुळं माझ्या दुकानाची अब्रू वाढली, लोकांना वाटतं इथं चौकशीची खिडकी आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. एक जोडपं आलं, विहार कुठं म्हणून विचारलं. मी म्हणालो, उजवीकडे, समोरच झेंडा दिसेल. त्यांनी छान मान डोलावली, आभार मानले, आणि डावीकडे गेले. मी मागून हाक मारली. त्या बाईनं वळून हात हलवला, जसं काही मी निरोप देत होतो. मला वाटलं, पुण्यात नवीन आहेत, उजवं-डावं शिकायचं राहिलं असेल. दोन दिवसांनी पार्सल घेऊन आलेला एक जण तसाच गेला. मग लग्नपत्रिका वाटणारे दोघे भाऊ. सगळ्यांना जायचं असायचं उजवीकडे, सगळे माझं पूर्ण ऐकून घ्यायचे, आणि सगळे, मनाशी थोडं हसत, डावीकडे वळायचे.

एका संध्याकाळी मैनुद्दीननं हातातला पाना खाली ठेवला. रस्त्याकडे बघत म्हणाला, "रामदास, डावीकडे गेलेलं माणूस परत आलेलं तू पाहिलंस कधी?"

मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला एक म्हातारी आली, हातात कापडी पिशवी. तिलाही विहारातच जायचं होतं. मी तिचा रस्ता अडवूनच विचारलं, मावशी, मी उजवीकडे म्हणालो तर तुम्ही कुठं जाणार? ती ओशाळली. म्हणाली, मागं स्टेशनकडच्या वळणावर एक मुलगा भेटला, पाठ भिंतीला टेकून उभा होता. "तो म्हणाला, पुढं एक आजोबा बसलेले असतील. त्यांना विचारा, आणि ते सांगतील त्याच्या उलट जा, की घर येतं."

मी वळणापर्यंत पळालो. अडुसष्ट वर्षांचा माणूस जसा पळतो तसा. तिथं बंद रेशन दुकान, त्याची ऊन लागलेली भिंत, बाकी कुणी नाही. भिंतीला हात लावून पाहिला. परत आलो तर म्हातारी गेलेली. मैनुद्दीन नुसता डावीकडे बघत होता. मुलगा कसा दिसत होता ते तिनं त्याला सांगितलं होतं. हसरा, म्हणाली, पण फार दमलेला.

मी काय काय केलं नाही. मैनुद्दीनकडून पत्रा घेऊन त्यावर रंगानं पाटी लिहिली, रामदास यांचे घर उजवीकडे, शपथेवर. लोक ती वाचायचे, हसायचे आणि डावीकडे वळायचे. माझं अक्षर पोरगं ओळखणारच. मी पाटी काढून टाकली. ज्याला त्याला सांगायचो, मागं जा आणि त्याला सांगा मी खरं बोलतो. पण पत्ता विचारून झालेला माणूस मागं कशाला जाईल.

शेवटी नंदाला सांगितलं. वाटलं, म्हणेल म्हाताऱ्याला भ्रम झाला. ती तांदूळ निवडत होती. म्हातारीचे शब्द मी तसेच्या तसे सांगितले, तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हणजे तुम्ही खरंच उजवीकडे सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

त्या पौर्णिमेला विहारात ती माझ्या शेजारी बसली. वंदना झाल्यावर मूर्तीपुढं मेणबत्ती लावून ती तिथंच उभी राहिली, ओठ हलत होते, कुणाला तरी काहीतरी नीट समजावून सांगावं तसे. मी विचारलं नाही. बायका देवाधर्माशी काय बोलतात यात मी चेष्टेशिवाय कधी लक्ष घातलं नव्हतं, आणि चेष्टा आता जमत नव्हती.

तिथून मी सरळ पायरीवर जाऊन बसलो. मैनुद्दीन नमाजाला गेला होता, दुकान अर्धं ओढलेलं. उन्हं उतरायला लागली तेव्हा वळणावरून एक बाई आली, तिशीची असेल, साधी साडी, धुळीनं भरलेले पाय. माझ्यासमोर थांबली.

"रामदासकाकांचं घर कुठं आहे?"

आजवर माझं घर कुणी विचारलं नव्हतं. कुणाला हवंय, असं मी विचारलं.

"मागं एक जण थांबलाय," ती म्हणाली. "फार दमलाय हो. म्हणाला, तुम्ही विचारून पुढं व्हा, मी तुमच्या मागून येतो."

विचार करायला काही उरलंच नव्हतं. एवढे दिवस मी तोच तर करत होतो. खरं सांगितलं की तो नदीकडे जातो. खोटं सांगितलं की घरी येतो. शील मोडेल, तर मोडू दे. मीच घेतलं होतं, मीच मोडतो, त्याचं जे व्हायचं ते माझं होईल. मला खोकला येईल असं वाटलं होतं, पण घसा कधी नव्हे इतका मोकळा होता. मी हात उचलला आणि आयुष्यातलं सगळ्यांत सफाईदार खोटं बोललो.

"डावीकडे. सरळ शेवटपर्यंत."

तिचा चेहरा उजळला. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "बरं झालं. त्याच्या आईनं आज त्याला सांगितलं म्हणे, बाबा आता खोटं बोलत नाहीत. आज ते सांगतील तसंच जायचं, असं ठरवूनच आलाय."

तिनं वळणाकडे पाहून कुणालातरी हातानं खूण केली आणि डावीकडे चालू लागली. ऊन डोळ्यांत जात असल्यामुळं मला काही दिसत नव्हतं, पण तिच्यामागून बुटांचा आवाज माझ्या अगदी जवळून गेला. दमलेला, पण कुठं जायचंय ते कळलेल्या माणसाचा. मी उठलो, तोंड उघडलं, उजवीकडे म्हणून ओरडायला गेलो, आणि मला खोकला आला.