बॉनेट दुसरीने लावायचं

त्या गॅरेजात एक रीत होती. जिने काम केलं तिने बॉनेट लावायचं नाही. दुसरीने यायचं, सगळं काम डोळ्यांखालून घालायचं आणि मगच बॉनेट बंद करायचं. वडिलांनी ही रीत घालून दिली तेव्हा थोरली बारा वर्षांची होती. तिने का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "तुझी पाठ तुला दिसते का?"

याला आता अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत थोरलीने वडिलांच्या हाताखाली इंजिनं उतरवली, गिअरबॉक्स उघडले, हिवाळ्यात गार लाद्यांवर पाठ टेकून ब्रेक बसवले. वडिलांनी कधी शाबासकी दिली नाही. काम बरं झालं की ते नुसतं "हं" म्हणत. थोरलीने त्या "हं"वर दिवस काढले होते.

मग धाकटी बहीण परत आली. तीन वर्षं ती शर्यतीच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये काम करून आली होती आणि येताना तिथलं बोलणं, तिथली चपळाई आणि तिथली गिऱ्हाइकंही घेऊन आली. पहिल्याच महिन्यात दातांच्या डॉक्टरबाई आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. थोरली पुढे झाली, तर बाईंनी तिच्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, "धाकट्या बहीणबाई आहेत ना?" थोरलीला वाटलं, आपण दुकानाच्या दाराला लावलेली पाटी आहोत. पाटी वाचायची आणि आत जायचं.

काम होतं टॉवर ब्रेस बसवण्याचं. गाडीच्या पुढच्या दोन चाकांचे शॉकअप वर बॉनेटखालच्या पत्र्याला जिथे जोडलेले असतात, तिथे दोन उंचवटे असतात. त्यांना टॉवर म्हणतात. झाकण नसलेला बुटांचा खोका दोन्ही हातांत धरून पिळला की वाकडा होतो, तसे जोरात वळण घेताना हे टॉवर केसभर हलतात. खोक्याच्या तोंडावर आडवी पट्टी चिकटवली की तो पिळत नाही. ब्रेस म्हणजे तीच आडवी पट्टी, फक्त धातूच्या नळीची आणि दोन्ही टॉवरना तीन-तीन नटांनी घट्ट बसलेली. बाईंना दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर गाडी पळवायची होती. चार वाजता त्या गाडी न्यायला येणार होत्या.

थोरलीला हे काम येत नव्हतं असं नाही. पण सकाळी वडील आपल्या कपाटापाशी गेले आणि त्यांनी आतून निळ्या मखमलीची लांब पेटी काढली. तिच्यात त्यांचा टॉर्क पाना होता. नट हवा तेवढाच घट्ट झाला की हा पाना हातात 'टक्' करतो. थोरलीने अठरा वर्षांत तो दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं होतं, की आधी हाताला कळलं पाहिजे. आज न मागता त्यांनी ती पेटी धाकटीच्या टेबलावर ठेवली.

तोंडात मिठाची गुळणी धरून थोरली सुटे भाग आणायला बाजारात गेली आणि तासभराचं काम असताना थेट दुपारी तीनला परतली.

ती आली तेव्हा ब्रेस जागेवर होता. धाकटीने नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते आणि गाडी मागे-पुढे ढकलत होती. तिचं बरोबर होतं, हे थोरलीला कबूल करावं लागलं. गाडी जॅकवर उचलून हे काम करायचं नसतं. चाकं लोंबत असताना ब्रेस आवळला, तर गाडी खाली टेकताच तो ताणला जातो. गाडी आपल्या चाकांवर उभी हवी, थोडी हलवून पत्रा बसू द्यायचा आणि मग नट आवळायचे. धाकटीने पाना घेतला. टक्. आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका, पुढचा नट, पुन्हा टक्. प्रत्येक टक् थोरलीला कानशिलात ऐकू येत होता.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या, अर्धा तास आधीच. वडिलांनी स्टुलावरून हाक मारली, "अगं, इकडे ये, यांना नीट समजावून सांग. तुझ्यासारखं मला बोलता येत नाही." धाकटी पाना ठेवून गेली. वडील तिच्या बोलण्यावर मान डोलवत होते. या माणसाला एवढी मान डोलवता येते हे थोरलीला माहीतच नव्हतं.

मग धाकटीने हात पुसत थोरलीकडे पाहिलं. "ताई, बघून घेतेस?"

थोरली बॉनेटखाली वाकली. तिने ब्रेस पाहिला, आणि तिची नजर त्याच्या मधल्या वाकावर थांबली. तिथे नळी जराशी वर उचललेली होती. बॉनेटच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच जागी पत्र्याची एक जाड कड होती. थोरलीने अंदाज घेतला. बसणार नाही. बॉनेट सोडलं की कड नळीवर आपटणार आणि वरच्या लाल पत्र्याला पोचा येणार. तोही बाईंच्या देखत आणि वडिलांच्या देखत.

एक शब्द पुरेसा होता. थोरलीने तो शब्द गिळला. तिच्या मनात आलं, मी फक्त बॉनेट लावलं. रीतच आहे.

तिने टेकणीची दांडी काढली, बॉनेट हातभर उंचीवर आणलं आणि सोडून दिलं.

खट्.

बॉनेट बसलं. पोचा नाही, ओरखडा नाही. दोन्ही कडांची फट एकसारखी. थोरलीचे हात तसेच हवेत राहिले.

"सकाळी ताई बाजारात गेली तेव्हा माती ठेवून बघितली होती," धाकटी बाईंना सांगत होती. "पोरांची खेळायची माती. तिच्या गोळ्या ब्रेसवर ठेवायच्या, बॉनेट अलगद लावून उघडायचं. गोळी किती चपटी झाली त्यावरून वर जागा किती ते कळतं. मधे सगळ्यात कमी आहे, पण नखभर तरी आहे."

बाई हसल्या. दातांचा साचा आम्हीही असाच घेतो म्हणाल्या आणि किल्ली मागितली. त्यांनी वडिलांना विचारलं, तुम्ही स्वतः नाही का बघत एकदा?

"मी कशाला बघू?" वडील म्हणाले. "थोरलीच्या हाताखालून गेलं ना, मग झालं. तिने बॉनेट लावलं की मी पुन्हा उघडत नाही. आजवर कधी उघडलं नाही."

अठरा वर्षं थोरली ज्याची वाट पाहत होती ते हेच होतं. आणि ते आलं तेही अशा दिवशी. किल्ली बाईंच्या हातात गेली होती. बाईंनी दार उघडलं होतं.

"थांबा," थोरली म्हणाली. "मी बघितलेलं नाही."

वडिलांनी मान वळवली.

"वाकले, पण बघितलं नाही. मला वाटलं बॉनेट आपटेल. आपटू दे म्हणून सोडलं."

बाईंनी गाडीचं दार हळूच लोटलं. धाकटी आली आणि तिने बॉनेट उघडून दांडी लावली. "आता बघ," एवढंच ती म्हणाली.

थोरलीने हात पुसले. शिकवलं होतं तसं डावीकडून सुरुवात केली. एक ठिपका, दोन, तीन. मग ब्रेसच्या दोन टोकांचे बोल्ट. मग उजवा टॉवर. चार, पाच. सहावा नट ब्रेक ऑइलच्या डबीमागे होता, सहज न दिसणारा. तिने मान वाकडी करून पाहिलं. पिवळा ठिपका नव्हता. तिने दोन बोटं घातली. नट फिरला.

ती सरळ झाली आणि बाजूला सरकली. धाकटीने बोटं घालून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबांनी हाक मारली," ती पुटपुटली, आणि लगेच म्हणाली, "नाही. माझाच राहिला."

वडील स्टुलावरून उठले. त्यांनी पाना उचलला, क्षणभर हातात धरला आणि धाकटीकडे दिला. ज्याचं काम त्यानेच पुरं करायचं, हीही रीतच होती. टक्. पिवळा ठिपका. मग थोरलीने पुन्हा पहिल्या नटापासून सहाव्यापर्यंत बोट फिरवलं आणि बॉनेट लावलं.

बाई जाताना म्हणाल्या, माझ्याकडे लोक दात दुखतो हे लपवतात, तुमच्याकडे उलटंच आहे. पुन्हा येणार की नाही ते मात्र बोलल्या नाहीत. वडील आत गेले. "हं"सुद्धा नाही. पाना टेबलावरच राहिला, पेटी उघडी.

दोघी बहिणी एकाच नळाखाली हात धूत होत्या. साबणाची वडी थोरलीच्या हातात होती.

"बॉनेट सोडताना तुझं तोंड दिसलं मला," धाकटी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"जागा आहे हे मला ठाऊक होतं. तू सोडतेस का ते बघायचं होतं."

थोरलीने साबण तिच्या हातात दिला. पोटातलं दुखणं काही थांबलं नव्हतं. मखमलीची पेटी दिसली की ते पुन्हा उठणार होतं, उद्याही आणि परवाही. काळं पाणी जाळीतून जाईपर्यंत तिने हात चोळले.

"ती मातीची गोळी," मग ती म्हणाली, "केवढी करायची ते दाखव."