मधला चेंडू

रॅकेटला तारा ओढणाऱ्या काकांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. सकाळी ताई तिची रॅकेट घ्यायला गेली, तर ते म्हणाले, "धाकटीच्या रॅकेटी पुढच्या आठवड्यासाठी त्या डावखुऱ्या मुलीच्या बॅगेत टाकायच्या ना? आता जोडी त्यांची म्हणे."

ताई "हो" म्हणाली आणि बाहेर पडली. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. बुटांच्या नाड्या तिनं तीनदा सोडून बांधल्या. केळं सोललं आणि तसंच ठेवून दिलं.

दोघी बहिणी अकरा वर्षं दुहेरी खेळत होत्या. डावखुरी क्रमवारीत कितीतरी वर, तेव्हा धाकटीचं यात भलंच होतं. पण छत्तिसाव्या वर्षी, खांद्याला पट्ट्या चिकटवून खेळणाऱ्या बाईला जोडीला कोण घेणार? धाकटी गेली की ताईचं टेनिस संपलं. आणि धाकटीनं तर तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

पहिला सेट त्यांनी जिंकला तो जुन्या सवयीवर. दुसऱ्यात ताईची नजर चेंडूपेक्षा बहिणीवरच जास्त. मधला चेंडू ताईचा, तिनं "माझा" म्हणून ओरडायचं आणि धाकटीनं सोडायचा, हा या दोघींचा घरचा कायदा. आज ताई ओरडलीच नाही. चेंडू दोघींच्या मधून निघून गेला आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

बाजू बदलताना बाकावर ताईनं विचारलं, "तुला काही सांगायचंय का?"

धाकटीनं टॉवेलात तोंड खुपसलं. "मॅच होऊ दे ना, ताई."

तरी दुसऱ्या सेटमध्ये बहिणींची पाच-चार अशी आघाडी, सर्व्हिस समोरच्यांची, आणि चाळीस-चाळीस. दुहेरीत इथं एकाच गुणावर निकाल लागतो, आणि ती सर्व्हिस कोण घेणार हे परतवणारी जोडी ठरवते. इतकी वर्षं ती ताईच घेत आलेली.

"तू घे," ताई म्हणाली.

"मी? खांदा दुखतोय का?"

"घे म्हटलं ना."

खांदा नेहमीइतकाच दुखत होता. ताईचा आज स्वतःवरच भरवसा उरला नव्हता.

ताई जाळीपाशी जाऊन उभी राहिली. धाकटीनं सर्व्हिस परतवली. समोरून चेंडू आला तो नेमका मधोमध. ताईची रॅकेट सवयीनं वर गेली, तोच मागून आवाज आला, "माझा!"

अकरा वर्षांत धाकटी हे पहिल्यांदा म्हणाली होती. ताई खाली वाकली. चेंडू तिच्या डोक्यावरून सणसणत गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात पडला. मॅच त्यांची झाली.

धाकटी धावत आली, गळ्यात पडली आणि रडायलाच लागली. "ताई, मला तुला सांगायचं होतं, पण..."

"सांगितलंस की आत्ता," ताई म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.