स्पर्श न कळणारं वाण

काडीच्या टोकाला चिकटवलेला भुवईचा केस ताईने सूक्ष्मदर्शकाखाली किड्याच्या डोक्यामागून हलकेच फिरवला. किडा झटकन मागे सरला. सरायला नको होता. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळे सरले.

मिलिमीटरभर लांबीच्या त्या सूत्रकृमींत बाहेरचं जनुक घालून तिने स्पर्श ओळखणाऱ्या मोजक्या पेशी तेवढ्या मारल्या होत्या. असं वाण जमायला वर्षं गेली होती. आज दुपारी ते समितीपुढे दाखवलं तरच तिची नोकरी पुढे चालणार होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर येऊन बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग त्यांनी विचारलं, निवड दिव्याखाली केली होती ना? घातलेलं जनुक सगळ्या पिल्लांत उतरत नाही. ज्यांच्यात उतरतं ती जरा रोडावतात आणि निळ्या दिव्याखाली हिरवी चमकतात, किडे वाढवायच्या नव्या बशीत तेवढीच उचलायची. पण दिवा महिनाभर बंद होता. ताई नुसत्या नजरेने उचलत राहिली, चांगली पोसलेली, चपळ. रोडावलेली मागे ठेवली.

"रोडावलेली तीच आपली होती, ताई."

"मला वाटलं, सशक्त घेतली तर वाण टिकेल."

"टिकलं की. आपलं नाही राहिलं, एवढंच."

दिवा दुरुस्त करून द्या म्हणून ती सरांच्या मागे लागली होती. सरांना ते आठवत असावं, ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. पण काही बिघडलं तर पुन्हा जिवंत करता यावं म्हणून वाण गोठवून ठेवायचं काम तिनेच आज-उद्यावर ढकललं होतं. समितीला मी सांगतो, बशा नष्ट करा, असं म्हणून ते उठले. नोकरीचं तिने विचारलं तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, बघू. त्यांच्या बघूचा अर्थ नाही असाच असतो, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. किड्यांना तो बायकोची माहेरची मंडळी म्हणायचा.

"काय, माहेरचे कसे आहेत?"

"ठणठणीत."

"मग झालं तर. येताना गोड काहीतरी आण."

तिने हो म्हटलं.

बशा तिने जाड पिशवीत रचल्या. शेवटची उजेडापुढे धरली. धाग्याच्या तुकड्यांएवढ्या रेघा आतल्या थरावर भराभर सरकत होत्या. पिशवीला सैल गाठ मारून तिने ती दाबाच्या वाफेने सगळं जिवंत मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, झाकण आवळलं आणि दाब चढायची वाट बघत उभी राहिली.