वर्मांची पाटी

हिंदी मुलखातल्या अवधपुरीतलं हे घर आम्ही वर्मांकडून घेतलं, त्याला बरीच वर्षं झाली. फाटकाच्या खांबात त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी अजून आहे. ती काढायची तर खांब फुटेल. त्यामुळे वर्मांची कुरिअरं आणि लग्नपत्रिका आमच्याकडे येतात.

संध्याकाळी कॉलनीतली मुलं व्हरांड्यात जमतात. मी शिकवतो, ती ऐकतात, निदान माझा तसा समज आहे. त्या दिवशी विषय माझ्याच आजाराचा होता, पण मुलांना ते ठाऊक नव्हतं. नवं औषध घेणार की नाही, हे मला सोमवारी डॉक्टरांना सांगायचं होतं. माझं उत्तर ठरलं होतं: नाही.

“पेशीच्या अंगावर, बाहेरून, प्रथिनं असतात,” मी म्हटलं. “दारावरच्या पाटीसारखी. प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीला कर्करोग झाला, की त्या पेशींवर एक पाटी फार दाट दिसते. किरणं सोडणारं औषध ती पाटी शोधतं, तिथेच चिकटतं आणि पेशीला मारतं. अगदी नेमकं काम.”

“पण आजोबा, तुमच्या पाटीवर तर वर्मा आहे,” जुई म्हणाली.

“और दिवाळीत वर्मांच्या नावाने आलेली मावाबाटीची मिठाई आपणच खाल्ली,” गौरांग म्हणाला. “डबा परत पण नाही दिला.”

“तेच तर. ती पाटी लाळेच्या ग्रंथींवरही थोडी असते. त्या पाटीच्या नावात प्रोस्टेट, मुक्काम तोंडातही. मग औषध तिथेही जातं. तोंड कोरडं पडतं, बोलणं जड जातं. म्हणून माझ्या ओळखीच्या एका आजोबांनी औषध नको म्हटलंय.”

माझी बायको अनुराधा पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. “ते आजोबा कोण, तेही सांगा की. रोग हाडापर्यंत गेलाय, आणि यांना काळजी भाषणाची.”

जुईने माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही घ्या औषध. आम्ही बोलू ना.”

“वैसे भी तुम्ही खूप रिपीट करता,” गौरांग पोहे खात म्हणाला. “आम्हाला सगळं पाठ आहे.”

चाळीस वर्षं कारखान्यात आणि नंतर या व्हरांड्यात माझ्यावाचून सगळं अडेल, असं मला वाटत आलं होतं. सोमवारी मी हो म्हटलं.

आता मी पाण्याची बाटली घेऊन बसतो. काल स्वरदा नावाची नवी मुलगी आली. जुई तिला फाटकापाशी नेऊन समजावत होती, “औषध पाटी वाचतं आणि आतल्या सगळ्यांना मावाबाटी देतं.”

मी बोट वर केलं. जीभ टाळूला चिकटली होती. बाटलीचं झाकण उघडेपर्यंत गौरांगने तिला दुरुस्त केलं, तेही चुकीचं.

“छान चाललंय,” अनुराधा आतून म्हणाली.

मी घोट घेतला आणि माझी पाळी यायची वाट पाहिली.