दीडावरचा काटा

विनिफ्रेड बॅराक्लफचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे त्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरातल्या, घर तापवणाऱ्या बॉयलरचा काटा ठरवणार होता. रोज सकाळी बॉयलरखालच्या दोन काळ्या चाव्या फिरवून ती आत पाणी सोडायची, दाबाचा काटा दीडावर आणायची. दुसऱ्या दिवशी उठून पाहावं तर काटा शून्यावर आणि घरभर रेडिएटर थंडगार.

मुलगा क्लाइव्ह लीड्सहून रोज फोन करायचा. "आई, पाणी भरलंस का?"

"भरलं रे."

"मग गेलं कुठे? विसरली असशील."

हे वीसेक वेळा ऐकल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडायला लागला. येत्या गुरुवारी क्लाइव्ह तिला एक वृद्धाश्रम दाखवायला नेणार होता. नुसतं बघायला, म्हणाला होता. नुसतं बघायला गेलेली माणसं पुढे कुठे राहतात, हे तिच्या टॉडमॉर्डन गावात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मंगळवारी बॉयलर दुरुस्त करणारा गॅसवाला नेव्हिल हॉइल आला. दारातच बूट काढून मोज्यांवर आत आला, ते तिला आवडलं. पण क्लाइव्हने त्याचे कान आधीच भरले असणार, असंही तिला वाटलं.

"मुलाने सांगितलं असेल ना, म्हातारी विसरते म्हणून?"

"मिसेस बॅराक्लफ, लोक मला बरंच काही सांगतात. बॉयलरचं म्हणणं वेगळंच असतं. तुम्ही रोज भरता तसं भरा बघू."

तिने पहिली चावी फिरवली, दुसरी फिरवली, पाण्याची सळसळ ऐकली आणि काटा दीडावर येताच दोन्ही बंद केल्या.

"चुकलं का रे पोरा?" तिने विचारलं. पोरगा पन्नाशी उलटलेला होता.

"छे! निम्मी गल्ली एकच चावी बंद करते आणि मग माझ्या नावाने शंख करते."

त्याने घर तापायला लावलं. मग दोघं चहा घेऊन काट्यासमोर बसले. आल्याचा केक होता, त्याचेही त्याने दोन तुकडे संपवले. काटा दोनावर गेला, अडीचवर गेला आणि तिसरा तुकडा उचलता उचलता तीनावर टेकला. नेव्हिल उठला आणि थेट मागच्या दाराबाहेर गेला.

"मिसेस बॅराक्लफ, इकडे या! कोट घालून या!"

कचऱ्याच्या डब्यामागे भिंतीतून तांब्याची बारीक नळी बाहेर आली होती. तिच्यातून वाफाळतं पाणी गळत होतं. टॉडमॉर्डनच्या दरीत बारा महिने भिंती ओल्याच असतात. डब्यामागची ओल कोण कशाला बघतंय?

"हे तुमचं रोजचं पाणी," तो म्हणाला. "बॉयलरच्या आत एक डबा असतो, त्यात रबरी पडद्याआड हवा. पाणी तापून फुगलं की त्या हवेने जागा द्यायची. तुमच्या डब्यातली हवा गेलीय. मग काटा तीनावर गेला की जास्तीचं पाणी इथून बाहेर. रात्री घर निवलं की काटा शून्यावर."

"म्हणजे मी भरत होते."

"रोज भरत होतात. चोख."

विनिफ्रेडने भिंतीला हात टेकला. तिला रडू आलं आणि ते नेव्हिलपासून लपवायची तिला गरज वाटली नाही. महिनाभर ती रात्री स्वतःशी आठवड्याचे वार म्हणून बघत होती, एखादा वार तर गळत नाही ना म्हणून.

नेव्हिलने पाणी काढून टाकलं, मोटारीच्या चाकाला मारतात तशा पंपाने डब्यात हवा भरली. जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी झडपही बदलली. "ही एरवी इतकी खराब होत नाही. कोणी दाब फार चढवून ठेवतं का?"

तेवढ्यात फोन वाजला. क्लाइव्ह. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"काय म्हणतोय तो? मी दर रविवारी येतो तेव्हा पार अडीचवर नेऊन ठेवतो, आठवडाभर पुरावं म्हणून. तरी ही—"

नेव्हिलने छताकडे पाहिलं. "साहेब, डब्यातली हवा गेली होती. त्यावर अडीच म्हणजे रविवारचं सगळं पाणी तुम्हीच भिंतीबाहेर घालवलंत, शिवाय झडपही घालवली. थंड असताना दीड. तुमच्या आईंना ते ठाऊक आहे. तुम्ही चाव्यांना हात लावू नका."

विनिफ्रेडला क्लाइव्हची कीवही आली आणि रागही आला. राग जास्त आला.

"आई," क्लाइव्ह म्हणाला, "ते गुरुवारचं..."

"गुरुवारी मी घरी आहे," ती म्हणाली. "शुक्रवारीही."