विडा घेतला की बोलायचं

तुमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकाबद्दल मत देण्याआधी पान मिळतं का हो? आमच्याकडे मिळायचं. पण एकदा पान घेतलं की बोलल्यावाचून सुटका नसायची.

मी पितळेचा पानाचा डबा बोलतोय. माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं, आत चुना, कात, सुपारी, लवंगांसाठी वाट्या बसवल्या आणि झाकणावर मोर काढला. मोराची मान मात्र आखूड राहिली. त्यामुळे की काय, दुकानात मी बरेच दिवस पडून होतो. शेवटी यमुताईंच्या वडिलांनी मला लेकीच्या रुखवतासाठी घेतलं आणि मी नागपूरला, महाल भागात आलो.

यमुताईंचे यजमान दत्तोपंत वाचनालयाचे चिटणीस. महिन्यातल्या एका रविवारी तिथे बैठक भरे आणि वाचलेल्या पुस्तकांवर प्रत्येकानं आपलं मत सांगायचं असे. विडे यमुताई करून देत. पहिले काही महिने मंडळी यायची, रामटेकच्या पानाचा विडा गालात धरायची आणि तोंड भरलंय असं खुणेनं सांगून गप्प बसायची. तेव्हा दत्तोपंतांनी नियम केला. डबा समोर आला आणि विडा उचलला, की मत द्यायचं. मत नसेल त्यानं डबा पुढे सरकवायचा.

या नियमानं मला माणसं कळायला लागली. ज्यानं पुस्तक खरंच वाचलंय, तो हाताला येईल तो विडा घेतो. ज्यानं वाचलेलं नाही, तो मोठा विडा शोधत बसतो.

खोलीच्या एका बाजूला वेळूच्या कामट्यांची चिक पडद्यासारखी सोडलेली असे. मागच्या दारानं येऊन बायका तिच्यामागे बसत. पुरुषांचं झालं की मला चिकेमागे पाठवत. बायका विडे घेत, पण मत त्यांना कुणी विचारत नसे. नियमात बायका नाहीत असं कुणी म्हटलं नव्हतं. आहेत, असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सन तीसच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या महिन्यात बैठकीचा विषय होता, वर्तमानपत्रवाल्यांवरची पुस्तकं. अशी तीन पुस्तकं वाचनालयात नुकतीच आली होती. एक छापखान्यांच्या सुरुवातीच्या दिवसांवर, दुसरं बैलगाडीतून दुष्काळी गावं फिरून बातम्या लिहिणाऱ्या एका बातमीदारावर. तिसरं एका संपादकानं स्वतःच लिहिलेलं. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून त्याला तुरुंगात टाकलं, तिथपासून ते सुरू होत होतं.

हे तिसरं पुस्तक दत्तोपंतांनी आपल्या नावावर घरी आणलं होतं आणि यमुताई ते दुपारी शेजारणींना वाचून दाखवत. मी त्यांच्या मांडीशीच असे. ऐकायला येणाऱ्यांत देवकी होती. तिचा नवरा गिरिधर एका साप्ताहिकाचा बातमीदार. जंगल सत्याग्रहाच्या बातम्या लिहिल्या म्हणून तोही तुरुंगात होता. तो घरी येईपर्यंत देवकीनं पान सोडलं होतं. मी समोर गेलो की ती दोन बोटांनी मला हलकेच पुढे लोटायची.

पुस्तकातल्या संपादकाला तुरुंगात ताप भरला, त्या दिवशी यमुताई वाचता वाचता थांबल्या. देवकीचे हात निवडायच्या मेथीवर तसेच राहिले होते.

"काय वं देवकी, तू चौथीपर्यंत शिकलेली. घे, शेवटचं पान पाहून टाक. जिवाला घोर तरी नको."

"नको ताई," देवकी म्हणाली. "वाईट असलं तं?"

रविवारी ते पुस्तक वाचनालयात परत गेलं आणि बैठक भरली. मला आधी कृष्णकांत मास्तरांकडे दिलं. त्यांनी विडा घेतला आणि उभे राहिले. "बातमीदाराचं पुस्तक चांगलं आहे, पण त्यात माणसांपेक्षा बैलांचं वर्णन जास्त आहे. संपादकाचं पुस्तक मात्र वा! सिंह आहे तो माणूस. तुरुंगात गेला, पण माफी मागितली नाही."

मग मी इतवारीतले कापडाचे व्यापारी मारोतराव यांच्याकडे गेलो. त्यांनी बराच वेळ विडे चाचपले.

"काहून गा मास्तर, सिंह कायचा? बायकोपोरं वाऱ्यावर सोडून जेलात जाऊन बसते, त्याले काय म्हणावं? अन् दत्तोपंत, माझं मत असं आहे का हे पुस्तक कपाटात कुलपात ठेवा. दिवस पाहून राहिले ना? उद्या पोलीस आले तं सारं वाचनालय उलटंपालटं करतीन."

पोलिसांचं भय सगळ्यांनाच होतं. दत्तोपंतांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "मारोतराव म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कुणाची हरकत नसेल, तर आजच ठेवतो."

हरकत कुणीच घेतली नाही. दत्तोपंतांनी खिशातून कुलूप काढलं. रिवाजाप्रमाणे मला चिकेमागे पाठवलं. दोघीतिघींनी मुकाट्यानं विडे घेतले आणि मी देवकीपुढे आलो. ती मला लोटेल म्हणून मी तयारच होतो. तिची बोटं माझ्या काठावर टेकली आणि तिथेच थांबली. मग तिनं विडा उचलला.

"मी विडा घेतला," चिकेआडून तिचा आवाज आला. "मले बोलायचं आहे."

पुरुषांच्या बाजूला माना वळल्या. मारोतराव हसले. "खाल्ला का पण? विडा खाल्ल्याबिगर मत कसं चालते?"

"नियम घेण्याचा आहे, खाण्याचा नाही," यमुताई ठसक्यात म्हणाल्या. "तुम्ही मागच्या खेपेला दोन विडे खाल्ले आणि मत एकच दिलंत, तेव्हा आम्ही काही म्हटलं का?"

हशा पिकला. दत्तोपंतांनी हात वर केला. "नियम म्हणजे नियम. बोला, देवकीबाई."

देवकीच्या मुठीत विडा होता. बोलायला ती जरा पुढे सरकली आणि त्याची लवंग निसटून माझ्या झाकणावर पडली.

"मास्तर म्हणतात तो सिंह आहे. मारोतमामाजी म्हणतात, त्यानं बायकोले वाऱ्यावर सोडलं. मले दोन्ही पटलं नाही. पुस्तकात तो लिहिते, 'आज कुटुंब येऊन भेटून गेले.' बस, एवढंच. बायको काय बोलली, कशी परत गेली, एक अक्षर नाही. भेटीले गेलं का किती बोलायचं राहून जाते, ते मले ठाऊक आहे. हा त्या पुस्तकातला उणेपणा आहे. पण म्हणून ते कुलपात ठेवू नका. आम्ही अजून वाचून राहिलो."

मग तिनं विचारलं, "मामाजी, तुम्ही पूर्ण वाचलं का?"

"मधामधातून वाचलं," मारोतराव पुटपुटले. मग त्यांनाच राहवेना. मास्तरांकडे वळून म्हणाले, "शेवटी सुटते का गा तो?"

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नका, मास्तर!" देवकी ओरडलीच. "वाईट असलं तरी मी वाचीन. पण दुसऱ्याच्या तोंडून नको."

मारोतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "राहू द्या दत्तोपंत, बाहेरच राहू द्या. बाईचं झालं का मग मले द्या. मलेही पाहू द्या, सुटते का नाही ते."

दत्तोपंतांनी कुलूप पुन्हा खिशात घातलं.

त्यानंतर किती बैठका झाल्या, किती पुस्तकं आली! आता माझं झाकण नीट बसत नाही आणि मोराची मान घासून घासून पार दिसेनाशी झालीय. तरी मला अडगळीत टाकू नका. अजूनही कुठे चार माणसं पुस्तकावर बोलायला बसतात. मला तिथे ठेवा आणि सगळ्यांपुढे फिरवा. एखादा हात पुढे यायला उशीर लागला, तर जरा थांबा.

देवकी बोलली, त्या रविवारी संध्याकाळी गप्पांच्या भरात दत्तोपंत मला वाचनालयाच्या टेबलावरच विसरून गेले. त्यामुळे पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवकी पुढच्या दारानं आत आली आणि ते पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन घरी गेली.