सतरा नंबरची कात्री

“ही कापत नाही, चावते,” असं म्हणत स्टोअरकीपरने सतरा नंबरची छाटणीची कात्री टेबलावर टाकली. शेजारी मेंदीच्या कुंपणाची एक काडी पडली होती. तिची साल सोलवटली होती आणि टोक चेंगरलं होतं.

माळीकाकांनी काडी उचलली. कात्रीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

कात्री त्यांचीच होती. काका डावखुरे. बाजारात मिळणारी कात्री उजव्या हाताची, डाव्या हातात तिचं पातं उलट्या बाजूला येतं आणि फांदी कापण्याऐवजी चिरडते. चिरडलेली फांदी वरून काळी पडत वाळत जाते. म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्यांनी एका धारवाल्याच्या मागे लागून उलट्या पात्याची कात्री घडवून घेतली होती. धारवाल्याचं चार वेळा चुकलं. पाचव्यांदा जमलं, तेव्हा त्याने काकांनाच दम भरला, “पुढच्या जन्मी सरळ हाताचे या.”

मग आठ महिन्यांपूर्वी संकुलाच्या बागेचं काम नव्या एजन्सीकडे गेलं. जुने माळी पांगले, काका तेवढे राहिले. एजन्सीच्या फॉर्मवर एक रकाना होता : उजवा की डावा. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, त्याने आधीच सांगून टाकलं होतं. कुंपण कापायच्या मशीनची मूठ उजव्या हाताची, डावखुऱ्यांना ती द्यायची नाही असा नियम. आणि जो मशीन चालवत नाही त्याला एजन्सी ठेवत नाही.

नोकरी गेली की रोपवाटिकेमागची खोलीही जाणार. काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंग ते मोरी अकरा पावलं, तीही वॉकर धरून, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. बाहेर काकांनी खोल्या पाहिल्या नव्हत्या असं नाही. परवडणाऱ्या सगळ्या जिन्याच्या वर होत्या. निवृत्तीला दोन वर्षं होती. काकांनी ‘उजवा’वर खूण केली. शाळेत मास्तरांनी बडवून बडवून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, ते असं कामी आलं.

पुढच्याच आठवड्यात सगळी अवजारं, माळ्यांची स्वतःचीसुद्धा, स्टोअरमध्ये जमा झाली. त्यांच्यावर पिवळ्या रंगाने आकडे पडले. रोज सकाळी हाताला येईल ते घ्यायचं. सतरा नंबर ज्याच्या वाट्याला येई तो शिव्या घालत परत करी. काका सवय नसलेल्या उजव्या हाताने, काप ओढत-ताणत काम रेटत. संध्याकाळी मनगट सुजे, आणि आपणच ठेचलेले गुलाब काळे पडताना बघावे लागत.

“तुम्हीच एकदा बघा, काका,” स्टोअरकीपर म्हणाला. भंगाराच्या यादीवर सगळ्यात जुन्या माळ्याची सही लागायची. सुपरवायझरही दारात येऊन उभा राहिला.

काकांनी कात्री घेतली. उजव्या हातात घेतली. मुठीला त्यांच्याच डाव्या तळव्याने पाडलेला खोलगट भाग बोटांना परका लागला. त्यांनी काडी धरली, दाबली. काडी चिरडली. फक्त हात बदलायचा होता. तेवढं केलं असतं तर काडी अशी साफ तुटली असती की दोघांनी तोंडात बोटं घातली असती. डावा हात नकळत टेबलावर आलाही. काकांनी तो मागे घेऊन खिशात कोंबला.

“नाही कापत,” ते म्हणाले.

सही उजव्या हाताने झाली. स्टोअरकीपरने कात्री पोत्यात टाकली आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. काकांना राहवलं नाही.

“भंगारातच जाणार, तर मला नेऊ दे की.”

“तुम्हाला कशाला?” स्टोअरकीपरने साधेपणाने विचारलं. “आत्ताच म्हणालात ना, कापत नाही?”

सुपरवायझर बघत होता. काका कसंनुसं हसले. “हो, तेही खरंच,” म्हणाले आणि दिवसभर मशीन धरून कुंपण सपाट करत राहिले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा काकूंनी नेहमीप्रमाणे पलंगाशेजारच्या स्टुलावर तेलाची कुपी आणि फडकं काढून ठेवलं होतं. बावीस वर्षं ते रोज इथेच बसून कात्री पुसत. ती जमा झाली तरी काकूंनी हे मांडणं सोडलं नव्हतं; न जाणो, एखाद्या दिवशी परत मिळेल.

“आज आली का वाट्याला?” त्यांनी विचारलं.

“भंगारात काढली. सही माझीच.”

काका खाली बसले. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांचा डावा हात स्टुलावर आला, बोटं अर्धवट मिटलेली, मध्ये कात्रीएवढी जागा. इथे तो लपवायचं कारण नव्हतं.

काकूंनी वॉकर बाजूला सारला, फडक्यावर दोन थेंब तेल घेतलं. “द्या इकडे,” म्हणाल्या, आणि त्यांची बोटं एकेक करून पुसायला लागल्या.